वांग्याची गाय

१

शनिवारी सकाळी मी घर व्हॅक्यूम करत असे. आठवड्यातून एकदाच, पण मन लावून. परदेशात, नोव्हाय गावातल्या आमच्या त्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत राखी रंगाचं कार्पेट होतं. त्यावरून मशीन फिरवलं की नांगरलेल्या शेतासारखे फिकट-गडद पट्टे उठायचे. ते पाहून मला बरं वाटायचं, आणि त्यावर कोणी पाय ठेवला की राग यायचा. माझा नवरा श्री म्हणायचा, "तुला कशाचाही राग येतो, सुलेखा." खरंच आहे. मला राग येतो आणि मी तो लपवत नाही. एकाच माणसापुढे मी तो सहा महिने गिळला आणि त्याचं अजीर्ण मला पुढे दोन वर्षं पुरलं.

तो माणूस म्हणजे माझे सासरे, दिगंबरराव. घरात सगळे त्यांना दादा म्हणायचे. २००३ च्या उन्हाळ्यात ते नागपूरहून आमच्याकडे राहायला आले. आले त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी, बाल्कनीच्या काचेच्या दाराकडे तोंड करून जी खुर्ची होती ती त्यांनी धरली, आणि सहा महिने तिथून आमच्यावर राज्य केलं. भाजी अळणी, पोळी जाड, चहा पाणचट. हे सगळं मला थेट सांगायचीही त्यांची तयारी नसे. मी वाढायला दोन हातांच्या अंतरावर उभी असताना ते श्रीला म्हणत, "श्रीरंग, हिला सांग, वरणात मीठ पडलेलं नाही." सून म्हणून नाही, नावाने नाही, नुसतं 'हिला'. आणि मी, एम.एस्सी. झालेली बाई, मूग गिळून वरणात मीठ घालत असे.

श्रीशी तरी ते कुठे धड बोलत? त्याला प्रमोशन मिळालं त्या संध्याकाळी तो पेढे घेऊन आला, तर म्हणाले, "त्यांना दुसरा कोणी मिळाला नसेल." श्री हसला. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकरचं झाकण आपटलं.

दादा परत गेले आणि २००५ च्या फेब्रुवारीत वारले. श्रीला जाता आलं नाही. व्हिसाची मुदतवाढ अडकली होती आणि वकील म्हणाला, आत्ता देशाबाहेर पडलात तर परत येण्याची खात्री नाही. अग्नी धाकट्या दिराने, अतुलने दिला. वर फोन करून सांगितलं, "दादा शेवटपर्यंत विचारत होते, श्रीरंग निघाला का." हे सांगायची काय गरज होती? सांगून कोणाचं भलं झालं? श्रीने फोन ठेवला, कोट घातला आणि ऑफिसला गेला. त्या दिवसापासून तो हसला नव्हता. मला मात्र दुःखापेक्षा सुटका जास्त वाटली होती, आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

२

आमच्या समोरच्या दारात मोरिता कुटुंब राहायचं. नोव्हायमध्ये गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांमुळे जपानी लोक बरेच. मोरितासाहेब तीन वर्षांच्या नेमणुकीवर आले होते. त्यांची युई आणि आमची इला दुसरीत एकाच वर्गात होत्या. मोरिताबाई इतक्या नम्र, की जिन्यात भेटल्या तरी कमरेत वाकत. मला त्या नम्रतेचाही थोडा राग यायचा, कारण समोरचा वाकला की आपल्यालाही वाकावं लागतं.

ऑगस्टच्या तेराव्या तारखेला, शनिवारी संध्याकाळी, त्यांनी आम्हा मायलेकींना बोलावलं. त्यांचा ओबोन होता. त्या दिवसांत वाडवडील घरी येतात, त्यांचं स्वागत करायचं, तीन दिवसांनी पाठवणी करायची. बैठ्या टेबलावर युईच्या आजीचा फोटो, पीच, भाताची वाटी. बाल्कनीत आग पेटवायला अपार्टमेंटवाल्यांची मनाई, म्हणून आत बल्ब घातलेला कागदी कंदील. आणि फोटोपुढे एक काकडी आणि एक वांगं, दोघांनाही चार-चार काड्यांचे पाय.

"काकडी घोडा," मोरिताबाई अडखळत इंग्रजीत म्हणाल्या. "यायला. फास्ट, फास्ट. वांगं गाय. जायला. स्लो." मग हसून पुढे म्हणाल्या, "जायला मन नाही, म्हणून स्लो."

मला गंमत वाटली. आमचा पितृपक्षातला कावळा आपल्या पंखांनी येतो, घास घेतो आणि आपल्या पंखांनी जातो. त्याची परतीची सोय करावी लागत नाही.

इलाने तिथेच बसून एक घोडा आणि एक गाय केली. "फॉर माय आजोबा," ती म्हणाली. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, त्या आजोबांना बोलावू नकोस, महत्प्रयासाने गेलेत. पण परक्या घरात असं बोलतात का? मी मोरिताबाईंनी दिलेलं पीच खाल्लं. कंदिलापाशी दोघी मुली डोळे मिटून, हात जोडून बसल्या होत्या. मोरिताबाईंनी वाकून इलाला काहीतरी विचारलं आणि इलाने उत्तर दिलं.

घरी आल्यावर इलाने आमच्या बाल्कनीच्या सरकत्या काचेच्या दारापाशी दोन्ही जनावरं मांडली. घोडा आत तोंड करून, गाय बाहेर.

३

सोमवारी घरात भाजी नव्हती. दुपारी मी कम्युनिटी कॉलेजात लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. नुकताच मला कामाचा परवाना मिळाला होता आणि सप्टेंबरपासून एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागणार होती. क्लासहून दमून आले, फ्रिज उघडला तर आत दूध, दही आणि लोणचं. आणि दारापाशी एक ताजं, तुकतुकीत, जांभळं वांगं.

अन्नाशी खेळायचं नाही, हे मी इलाला दहादा बजावलेलं होतं. चांगलं वांगं चार काड्या टोचून वाळवत ठेवायचं ही कुठली रीत? मी काड्या उपटल्या, वांगं इलेक्ट्रिकच्या शेगडीवर भाजायला ठेवलं. पाच मिनिटांत छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला. एका हाताने टॉवेल हलवत, दुसऱ्या हाताने वांगं फिरवत मी भरीत केलं. कांदा, हिरवी मिरची, वर लसणाची फोडणी. काकडी मऊ पडली होती, ती कचऱ्यात टाकली.

श्रीने दोनदा मागून घेतलं.

इला युईकडून आली. तिने दाराकडे पाहिलं, मग टेबलावरच्या भांड्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडारड. पण ती रडली नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "हाउ विल ही गो बॅक?"

"ज्याला जायचं असेल त्याने चालत जावं," मी म्हटलं. "पाय आहेत ना?"

मला वाटलं मी विनोद केला. पण श्री ताटात बघत राहिला. इला भरिताला शिवली नाही, दहीभात खाऊन उठली.

४

पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखं व्हॅक्यूम केलं. श्री गाडीत तेल भरायला गेला होता, इला पोहायला. बाल्कनीचं दार बंद होतं आणि त्याच्या खाचेत आम्ही चोरांसाठी ठेवतो तो लाकडी दांडाही जागेवर होता. मी बेडरूमपासून सुरुवात केली, हॉल केला, मशीन कपाटात ठेवलं, चहा टाकला. कप घेऊन वळले तर पट्ट्यांवर पावलं उमटली होती.

काचेच्या दारापासून जेवणाच्या टेबलापर्यंत. अनवाणी. टाच जोरात दाबणाऱ्या माणसाची. माझ्या पावलापेक्षा चांगली चार बोटं लांब. मी मोजून पाहिली: अकरा. टेबलाशी ती थांबली होती. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं. आणि दादांची खुर्ची माणूस बसेल इतकी मागे ओढलेली होती.

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. कार्पेटखालचा फोम जुना झाला की दाबलेली जागा उशिरा वर येते. सकाळी श्री अनवाणी फिरला असेल, त्याचे ठसे मशीनच्या दाबाने पुन्हा उठले असतील. असं काही होतं का हे मला माहीत नाही, पण त्या वेळी ते मला अगदी पटलं. मी खुर्ची आत ढकलली, मशीन बाहेर काढलं आणि सगळं पुन्हा एकदा केलं. मग स्वयंपाकघरात जाऊन गार झालेला चहा प्यायले. बाहेर आले तेव्हा खुर्ची मागे होती.

मी घाबरले का? घाबरायच्या आधी मला संताप आला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावरही जात नाही, असं म्हणायला हवं. सहा महिन्यांचा व्हिसा होता, तो संपवून गेलात. आता कुठल्या परवान्यावर आलात? मी हे मोठ्याने म्हटलं. रिकाम्या हॉलमध्ये एसीची घरघर तेवढी चालू होती.

दुपारी इला आली. हॉलमधून आपल्या खोलीत जाताना ती टेबलाच्या बाजूने गेली नाही. भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखी आडवी सरकत गेली. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "नथिंग."

५

गुरुवारी मी क्लासला निघत असताना श्रीच्या ऑफिसातल्या कुमारचा फोन आला. कुमार आमच्याकडे सणावाराला येणारा, श्रीच्या शेजारच्या टेबलाशी बसणारा.

"वहिनी, श्री बरा आहे ना यार? या आठवड्यात रोज लंचला घरी जातो आणि परतच येत नाही. मी मॅनेजरला काहीतरी सांगून कव्हर करतोय. पण इथे लेऑफची लिस्ट बनतेय. त्याला म्हणावं, प्लीज."

श्रीची नोकरी गेली तर व्हिसा गेला, व्हिसा गेला तर माझ्या हातातली नोकरीही गेली आणि इलाची शाळाही. हे तिघांनाही पाठ होतं. रोज संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा श्री सोफ्यावर असायचा. मला वाटायचं, लवकर सुटला. त्याच्या शर्टाची कॉलर सैल दिसायला लागली होती तेही मी पाहिलं होतं. उन्हाळा आहे, भूक कमी झाली असेल, म्हणून सोडून दिलं होतं.

मी क्लास बुडवला, इकडेतिकडे गाडी फिरवली आणि दोन वाजता घरी आले. श्रीची गाडी खाली उभी होती. जिना चढून दारापाशी आले आणि आतून हसू ऐकू आलं. श्रीचं हसू. फेब्रुवारीपासून मी ते ऐकलं नव्हतं. क्षणभर इतकं बरं वाटलं, की किल्ली हातात धरून मी तशीच उभी राहिले. मग लक्षात आलं की मध्येमध्ये तो थांबतोय. कोणी बोलत असताना माणूस थांबतो तसा.

दार उघडलं. श्री टेबलाशी बसला होता. दोन ताटं वाढलेली. एक त्याच्यापुढे, एक मागे ओढलेल्या खुर्चीपुढे. दोन्हींत वरणभात.

"अगं, आज लवकर?" तो हसून म्हणाला. चेहरा शांत, मनासारखं जेवण झाल्यावर होतो तसा. पण त्याच्या ताटातला भात मोडलेला नव्हता.

मी टेबलाशी गेले. कुकर अजून गरम होता. त्याच्या ताटातून वाफ येत होती. दुसऱ्या ताटातल्या भाताला मी बोट लावलं. फ्रिजमधून काढल्यासारखा गार. एकाच कुकरचा भात, एकाच वेळी वाढलेला.

"श्री, हे ताट कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू वेड मलाच लागलंय. "दादांचं."

६

मी मोरिताबाईंचं दार वाजवलं. त्यांच्या बाल्कनीत कुंडीत वांगी होती. मी म्हटलं, एक वांगं द्या. का हवंय ते सांगताना माझी कानशिलं तापली. पाहुण्याची परतीची गाय आम्ही फोडणी घालून खाल्ली, हे कोणाला कसं सांगायचं? त्या ऐकत होत्या. हसल्या नाहीत. आतून वांगं आणून त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं. "प्लीज," म्हणाल्या, "क्विकली." आणि वाकल्या. मीही वाकले. मग त्या पुन्हा एकदा वाकल्या, आधीपेक्षा खूप खाली. या वेळी त्यांची नजर माझ्याकडे नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, आमच्या उघड्या दाराकडे होती.

मी मागे वळून पाहिलं. श्री टेबलाशी बसलेला दिसत होता. बाकी काही नाही.

मी गाय केली. दारापाशी बाहेर तोंड करून ठेवली. हात जोडून म्हटलं, "दादा, झालं-गेलं विसरा आणि या आता." मनापासून म्हटलं नाही, पण म्हटलं. सकाळी गाय जागेवर नव्हती. ती स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या पिशवीत होती. तुकडे केलेली, काड्याही मोडलेल्या.

त्या दिवशी श्री ऑफिसला गेलाच नाही. संध्याकाळी इला खोलीत असताना मी त्याच्यासमोर उभी राहिले. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, मुलं पार्किंगमध्ये सायकली चालवत होती.

"गाय तू टाकलीस?"

"हो."

"का?"

"त्यांना जायचं नाहीये."

"आणि तू जेवत नाहीस ते? ऑफिसला जात नाहीस ते? कुमार किती दिवस सांभाळून घेणार? चार दिवसांत तुझं तोंड एवढंसं झालंय! मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसं उपाशी मारायची का?"

एरवी मी आवाज चढवला की श्री वैतागतो. आज त्याने मायेने माझ्याकडे पाहिलं. "तुला नाही कळायचं, सुलेखा. ते माझ्याशी बोलतात. तासन् तास. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, तू आला नाहीस ते मला समजतं, नोकरी होती, मुलगी होती. म्हणाले, तू चांगला मुलगा आहेस." त्याचे डोळे भरून आले. "तुझंसुद्धा कौतुक करतात. भरीत फार छान झालं होतं म्हणाले."

भरीत छान?

दादांनी सहा महिन्यांत माझ्या हातचं चार वेळा भरीत खाल्लं होतं. एकदा तिखट, एकदा सपक, एकदा 'आमच्याकडे असं नसतं', आणि एकदा नुसतं ताट सरकवलं होतं. तो माणूस कौतुक करणार? पोराला 'समजतं' म्हणणार? मरण माणसाला बदलतं म्हणावं, तर शेवटच्या दिवशीसुद्धा, अतुलच सांगत होता, त्यांनी डॉक्टरला टाय कसा बांधावा ते शिकवलं होतं.

मी इलाच्या खोलीत गेले. ती पलंगावर भिंतीकडे सरकून बसली होती.

"इला, मोरिता आंटींकडे आजोबांना बोलावलंस, तेव्हा काय म्हणालीस?"

"आय सेड, आजोबा, प्लीज कम टु अवर हाउस. आंटीने विचारलं, व्हॉट्स हिज नेम. आय सेड, आजोबा."

"दिगंबर नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "हू इज दिगंबर?"

आमच्याकडे श्राद्धाला गुरुजी तीन-तीन पिढ्यांची नावं विचारतात, गोत्र विचारतात, पुन्हा पुन्हा वदवून घेतात. मला ते नेहमी सरकारी अर्ज भरल्यासारखं वाटायचं, आणि त्यावरून मी माहेरी वादही घातला होता. पोरीचा काय दोष? आजोबांचं नाव तिच्यासमोर आम्ही कधी घेतलंच नव्हतं. गणपतीला जमणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला ती आजोबाच म्हणायची.

७

तरीही मी स्वतःला म्हटलं, सुलेखा, खात्री करून घे. प्रयोगशाळेत आम्ही एका चाचणीवर निकाल देत नाही.

मी हॉलमध्ये आले. श्री टेबलाशी बसला होता, समोरची खुर्ची मागे. मी त्या खुर्चीच्या अगदी पुढे जाऊन उभी राहिले. दादांच्या पुढ्यात अशी मी कधी उभी राहिले नव्हते. तिथली हवा गार होती, पण वरच एसीचं तोंड होतं, त्यामुळे त्याचा अर्थ काही लागत नव्हता.

"दादा," मी म्हटलं, "आज मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात. तुमच्यासारखा खडूस माणूस मी पाहिला नाही. सहा महिने मी तुमची उष्टी काढली, तुम्ही मला एकदा नावाने हाक मारली नाहीत. पोटच्या पोराला एक शब्द चांगला बोलला नाहीत. तो पेढे घेऊन आला, तुम्ही त्याचा अपमान केलात. मी नोकरी करायची म्हटलं तर म्हणालात, हिला घर आवरत नाही, ही काय रोग शोधणार. तुम्ही गेलात तेव्हा मला बरं वाटलं! ऐकलंत? बरं वाटलं! वरणात मीठ होतं, दादा. रोज होतं. तुमच्या जिभेला चव नव्हती!"

माझा आवाज फाटला होता. मी वाट पाहत होते. दादा असते तर टेबल उलथलं असतं. श्रीला हाक मारून 'हिला आवर' म्हटलं असतं. निदान काहीतरी आपटलं असतं. मला ते हवं होतं. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला माझा सासरा हवा होता.

काहीच झालं नाही. श्री मान कलती करून ऐकत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर तेच शांत हसू आलं.

"दादा म्हणतायत," तो म्हणाला, "सूनबाई, तुझं बरोबर आहे. सगळं तुझंच बरोबर आहे. ये, बस आमच्याजवळ."

मी इलाला खोलीतून उचललं आणि बाहेर पळाले. मोरिताबाईंनी पहिल्या थापेलाच दार उघडलं. काही विचारलं नाही, वाकल्या नाहीत. इलाला दंडाला धरून आत घेतलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं. आतून साखळी घातल्याचा आवाज आला.

मी दोन दारांच्या मध्ये उभी होते, अनवाणी. आमचं दार ओढलं की त्याला आपोआप कुलूप लागायचं, आणि किल्ल्या, फोन, सगळं आत. खाली पोरांच्या सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. खाली जावं, कोणाकडून तरी कुमारला फोन लावावा, पोलिसांना बोलवावं. बोलावून काय सांगायचं? माझ्या घरात कोणीतरी माझ्या नवऱ्याचं कौतुक करतंय?

मग मला राग आला. भीतीच्या खालून, पोटातून आला. कोण कुठला, ना ओळख ना पाळख, पोरीने आजोबा म्हटलं म्हणून आत शिरलेला! दादांशी माझं पटलं नाही, पण ती आमची भांडणं होती, आमच्या घरातली. तो म्हातारा वाईट बोलायचा पण खरा होता. त्याच्या खुर्चीत बसून, त्याचं नाव लावून, त्याने कधी न दिलेली माया वाटत, हा माझ्या नवऱ्याला घासाघासाने संपवत होता. आणि श्रीला, बिचाऱ्याला, चाळीस वर्षांची भूक होती. तो उठणारच नव्हता. तो आपणहून कधीच उठणार नव्हता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मी दारावर दोन्ही मुठी आपटल्या. "श्री! दार उघड! ऊठ आधी तिथून आणि दार उघड!"

कुलूप लगेच फिरलं. दार आत ओढलं गेलं, घाईने नाही, नीट, मानाचा पाहुणा आला की उघडतात तसं पूर्ण.

दारामागे कोणी नव्हतं. समोर, हॉलच्या त्या टोकाला, श्री टेबलाशी बसून होता. माझ्याकडे पाठ, दोन्ही हात मांडीवर. त्याने मान वळवली नाही. त्याच्या समोरच्या खुर्चीपुढचं ताट बाजूला सारलेलं होतं, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखं.

आमचे दादा उभ्या आयुष्यात कोणासाठी दार उघडायला उठले नव्हते.

मी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं, कारण माझा नवरा आत होता. माझ्या पाठीमागे दार हळूच, आवाज न करता लागलं.